शब्द निसटले तरी गोष्ट कळते: विज्ञानकथा सांगणारे रॉक अल्बम कसे ऐकावेत

रश हा कॅनडातल्या टोरांटोचा तिघांचा बँड. त्यांचं ‘२११२’ हे गाणं वीस मिनिटं तेहतीस सेकंद चालतं. १९७६ साली त्याच नावाचा अल्बम आला, तेव्हा तबकडीची अख्खी पहिली बाजू या एका गाण्याने व्यापली होती. गाण्यात सन २११२ मधलं जग आहे. अनेक ग्रहांवर हुकूम चालवणारे पुजारी आहेत, त्यांची देवळं आणि देवळांतले संगणक आहेत, धबधब्यामागची एक गुहा आहे आणि त्या गुहेत सापडलेली एक जुनी गिटार आहे. सगळ्या गाण्यांना, किंवा निदान एका पूर्ण बाजूला, एकाच कल्पनेत ओवणाऱ्या अशा अल्बमला कॉन्सेप्ट अल्बम म्हणतात. असे अल्बम ज्या संगीतात सर्वांत भरभरून झाले तो प्रोग्रेसिव्ह रॉक. ऐकणारे त्याला नुसतं ‘प्रॉग’ म्हणतात.

इकडे कोकणात हे संगीत मी ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्यांचा आक्षेप लांबीला नव्हता. रात्रभर जत्रेत बसणाऱ्या माणसाला वीस मिनिटांचं काय ओझं! आक्षेप असतो तो इंग्रजीचा. गाणारा काय म्हणतोय तेच कळत नाही, मग गोष्ट कशी कळायची? हा लेख त्या प्रश्नासाठीच आहे. या अल्बमांत गोष्ट सांगण्याचं निम्म्याहून जास्त काम वाद्यं, ताल आणि गाणाऱ्याच्या गळ्याची बदलती जात करते. कुठे काय ऐकायचं एवढं आधी ठाऊक असलं, तर शब्द अर्धे निसटले तरी गोष्ट हातात राहते.

सिंधुदुर्गातल्या माणसाला हे पटवायला फार बोलावं लागत नाही. कार्तिकापासून गावोगावी जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे दशावताराचं नाटक उभं राहतं. पेटी, पखवाज आणि झांज, वाद्यं एवढीच. संवाद लिहिलेले नसतात, राजपार्टी आणि राक्षसपार्टी, म्हणजे राजाचं आणि राक्षसाचं काम करणारे नट, ते रंगात येऊन जागेवर रचतात. मागच्या रांगेत, खाज्याच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं निम्मंच ऐकू येतं. कर्णा खरखरत असतो, शेजारी पोरं बोलत असतात. पण असुर आत येणार आहे हे त्याला पखवाजाच्या बदललेल्या चालीवरून आधीच कळतं, आणि स्त्रीपार्टीने दुःखाचं पद उचललं की पुढचा प्रसंग काय असेल याचा अंदाज पेटीच्या पहिल्या सुरांतच येतो. ‘२११२’ मला असंच ऐकता आलं, म्हणून सांगतो: शब्द समोर असले तर उत्तम, पण कान आधी वाद्यांकडे लावायचे.

लांब गाणी आली कुठून

रॉक संगीताची सुरुवातीची गाणी दोन-तीन मिनिटांची असत. लहान तबकडीवर मावतील आणि रेडिओवर दोन जाहिरातींच्या मध्ये बसतील एवढी. मोठी तबकडी, म्हणजे मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारा एलपी, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटांचा ऐवज पेलतो. साठच्या दशकाच्या शेवटी वादकांनी या बाजूकडे एक सलग जागा म्हणून पाहायला सुरुवात केली. १९६९ साली द हू या ब्रिटिश बँडने ‘टॉमी’ नावाची सबंध कथा दोन तबकड्यांवर मांडली. त्याच वर्षी किंग क्रिम्झनचा पहिला अल्बम आला, ज्याच्यापासून प्रॉगची गणती करायची पद्धत आहे. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला. अवकाश हा विषय तेव्हा घराघरातल्या बोलण्यात होता.

हाताशी नवी वाद्यंही आली होती. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये बनवलेला सिंथेसायझर वीजप्रवाहातून सूर तयार करतो. त्याला ना तार आहे, ना भाता, ना कातडं. म्हणून त्याचा आवाज ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे कुठलीच ओळखीची वस्तू येत नाही. अंतराळयान, परका ग्रह, विचार करणारं यंत्र यांच्यासाठी असा आवाज सापडणं ही मोठीच गोष्ट होती. दुसरं वाद्य मेलोट्रॉन. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपचा तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गाणाऱ्यांच्या समूहाचा एकेक सूर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की तो सूर वाजतो, पण साधारण आठच सेकंद, कारण टेप तेवढीच. जुन्या प्रॉग अल्बमांत व्हायोलिनचा ताफा जरा थरथरता, धुक्यातून आल्यासारखा वाटतो, तो याच्यामुळे.

एक फरक इथेच सांगून ठेवतो, कारण त्यात नवख्यांची गल्लत होते. काही कॉन्सेप्ट अल्बमांत गोष्ट नसते, फक्त विषय असतो. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ नावावरून अवकाशकथा वाटतो, पण तो काळ, पैसा, मृत्यू आणि वेड लागण्याची भीती यांच्याबद्दल आहे. काहींत एक पूर्ण गोष्ट असते. आणि काही मोजक्या संगीतकारांनी अल्बमामागून अल्बम करत एकच महाकथा वर्षानुवर्षं वाढवत नेली. मला जीव लावावासा वाटतो तो या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला.

‘२११२’ मिनिटामिनिटाने

रशमध्ये गेडी ली बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवायचा आणि गायचा, ॲलेक्स लाइफसन गिटार वाजवायचा, आणि नील पीअर्ट ड्रम वाजवायचा. शब्दही पीअर्टचेच. १९७५ चा त्यांचा ‘कॅरेस ऑफ स्टील’ हा अल्बम फारसा खपला नव्हता. त्यातही लांब गाणी होती, त्यामुळे रेकॉर्ड कंपनीला आता छोटी, रेडिओवर चालतील अशी गाणी हवी होती. या तिघांनी उलट वीस मिनिटांचं गाणं अल्बमच्या तोंडावरच ठेवलं. पुढे एकट्या अमेरिकेत त्या अल्बमच्या तीस लाखांवर प्रती खपल्या. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं धाडस, खप नव्हे. आणि ते धाडस गाण्याच्या विषयातच उतरलं आहे: एका माणसाच्या हातातलं वाद्य आणि ते वाद्य नको असलेली सत्ता.

आता घड्याळ लावून ऐकू. पहिली साडेचार मिनिटं ‘ओव्हर्चर’ची, म्हणजे नांदीची. सुरुवातीला सिंथेसायझरचे वर-खाली घोंघावणारे आवाज येतात. ते वाजवलेत ह्यू साईमने, ज्याने या अल्बमचं मुखपृष्ठही काढलं. मग गिटार, बेस आणि ड्रम एकदम तुटून पडतात. या नांदीत पुढच्या प्रसंगांतल्या काही चालींचे तुकडे आधीच वाजून जातात. पहिल्यांदा ऐकताना ते लक्षात येणार नाहीत. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र ‘ही चाल पुढे कुणाची आहे’ हे कळायला लागतं, आणि तिथून हे संगीत खरं उलगडतं. नांदीच्या शेवटाकडे रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांच्या ‘१८१२’ या प्रसिद्ध रचनेतला एक तुकडा गिटारवर येतो आणि पाठोपाठ स्फोट होतो. मूळ रचनेत तोफा आहेतच. एका आकड्याने दुसऱ्या आकड्याला घातलेली ही साद मला फार आवडते.

साडेचार मिनिटांनंतर पुजारी बोलू लागतात. ‘द टेंपल्स ऑफ सिरिंक्स’ हा भाग जेमतेम सव्वादोन मिनिटांचा आहे, पण त्यात गेडी लीचा आवाज इतका उंच आणि करकरीत चढतो की अनेकजण इथेच हेडफोन काढून ठेवतात. काढू नका. तो आवाज मुद्दाम तसा आहे. हे पुजारी सगळं ठरवतात: लोकांनी काय वाचायचं, काय गायचं, काय बघायचं. त्यांच्या देवळांत मोठमोठे संगणक आहेत आणि त्या संगणकांत जगण्याची सगळी उत्तरं भरून ठेवलेली आहेत. ताल सरळ, ठोकळेबाज, कवायतीसारखा. सत्तेला शंका नसते, म्हणून इथल्या संगीतालाही नाही.

पावणेसातव्या मिनिटाच्या सुमारास सगळं थांबतं आणि पाण्याचा खळखळाट येतो. आपण गुहेत आहोत. नाव नसलेल्या नायकाला तारा लावलेली एक विचित्र वस्तू सापडली आहे. त्याने आयुष्यात गिटार पाहिलेली नाही. पुढची तीन-साडेतीन मिनिटं हा या गाण्याचा जीव आहे. लाइफसन आधी मोकळ्या तारा नुसत्या छेडतो, सुटे सूर, एकमेकांशी न जुळलेले. मग तार पिळून सूर लावतो. मग तारेवर बोट हलकेच टेकवल्यावर येणारा घंटेसारखा आवाज सापडतो. मग दोन सूर एकत्र बरे वाटतात हे कळतं. मग एक साखळी तयार होते, आणि तिच्यातून बघता बघता चाल उभी राहते. उत्तम वादकाने अडाण्यासारखं वाजवणं आणि आपल्या डोळ्यांदेखत शिकत जाणं किती अवघड असेल! गाणाऱ्याचा आवाजही इथे खाली उतरलेला आहे, मऊ, जरासा बुजलेला.

आमच्या गावात दशावताराला पखवाजाची साथ करणारे एक काका आहेत. इंग्रजीशी त्यांचा संबंध नाही. मी काही न सांगता त्यांना हे गाणं लावून दिलं. पुजाऱ्यांचा भाग सुरू झाला तसे ते मान हलवून म्हणाले, “आता राक्षस इलो.” गुहेतला भाग आला तेव्हा त्यांनी जरा वेळ ऐकलं आणि म्हणाले, “ह्यो वाजवणा नाय, शिकता हा.” मी पुढे काही समजावायला गेलो नाही. त्या गाण्याबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

सव्वादहा मिनिटांनी ‘प्रेझेंटेशन’. नायक गिटार घेऊन पुजाऱ्यांपुढे उभा राहतो. त्याला वाटतं, एवढी सुंदर गोष्ट पाहून ते हरखून जातील. इथे एकच गायक दोन माणसं गातो. नायकाच्या ओळी आल्या की गिटार स्वच्छ आणि आवाज खालचा, पुजाऱ्यांच्या ओळी आल्या की गिटार घोगरी आणि आवाज पुन्हा तो उंच, कापणारा. कोण बोलतंय हे ओळखायला एकही शब्द कळायची गरज नाही. पुजारी म्हणतात, हे खेळणं जुन्या माणसांच्या नाशाला कारण झालं होतं, आम्हाला त्याचा उपयोग नाही. आणि ते गिटार पायाखाली चिरडतात. त्यावर बोलणं संपतं आणि लाइफसनचा गिटारचा एकल तुकडा सुटतो. नायकाचं वाद्य मोडल्यावर त्याचा संताप त्याच वाद्यावर ऐकू यावा, ही योजना मला विलक्षण वाटते.

चौदाव्या मिनिटाला स्वप्न. त्यात त्याला पुरातन काळची एक जात दिसते. हे लोक फार पूर्वी ग्रह सोडून दूर गेले, तिथे शिकत-वाढत राहिले आणि एक दिवस परत येणार आहेत. सोळाव्या मिनिटाला तो जागा होतो. स्वप्नातल्या जगाशी तुलना करता आपलं जग त्याला सोसत नाही, आणि गुहेतच तो आपलं जीवन संपवतो. सव्वाअठरा मिनिटांनंतर ‘ग्रँड फिनाले’: युद्ध, केवळ वाद्यांतून. शेवटी ध्वनिक्षेपकावरून आल्यासारखा एक भावनाशून्य आवाज सगळ्या ग्रहांना उद्देशून घोषणा करतो, की ताबा आता आम्ही घेतला आहे. दोन वाक्यं, प्रत्येकी तीनदा. पहिल्या इंग्रजी वाक्यात सात शब्द आहेत, दुसऱ्यात चार. सात त्रिक एकवीस, चार त्रिक बारा. २१ आणि १२!

हे ‘आम्ही’ कोण, ते गाणं सांगत नाही. परत आलेले पुरातन लोक, की पुन्हा पुजारीच? माझं मत पहिल्या बाजूने पडतं, कारण शेवटचं युद्धसंगीत पुजाऱ्यांच्या कवायतीसारखं वाजत नाही, ते मोकळं आणि उसळतं आहे. पण तो घोषणेचा आवाज ऐकला की मन पुन्हा डळमळतं. ज्यांनी मुक्त करायचं त्यांचा आवाज इतका थंड का असावा? चांगल्या विज्ञानकथेत असा एक काटा राहतोच.

अल्बमवर लेखिका आयन रँड यांचा ऋणनिर्देश आहे. त्यांच्या १९३८ च्या ‘ॲन्थेम’ या छोट्या कादंबरीतही सगळं सामूहिक झालेल्या समाजात एकाला हरवलेला शोध नव्याने लागतो आणि तो सत्तेपुढे घेऊन जाण्याचं धाडस त्याला भोवतं. व्यक्तीला समाजाच्या वर ठेवणाऱ्या रँड यांच्या राजकीय विचारांमुळे रशवर बरीच टीका झाली. मला ते विचार पटत नाहीत, तरी गुहेतली ती साडेतीन मिनिटं कुठल्याच विचारसरणीच्या मालकीची नाहीत असं मी मानतो.

दुसऱ्या बाजूची पाच गाणी या कथेशी संबंधित नाहीत. ती कथेत बसवायचा प्रयत्न करू नका.

ताल मोजता आला तर

प्रॉगबद्दल घाबरवणारी एक गोष्ट सांगितली जाते: त्याचे ताल विषम असतात. युरोप-अमेरिकेतल्या श्रोत्याला ते अवघड जातं, कारण त्याचं बहुतेक संगीत चारच्या पटीत चालतं. आपल्याला का जावं? रूपक सात मात्रांचा, झपताल दहांचा, आणि हे ताल आपण नाट्यगीतांत आणि अभंगांत लहानपणापासून ऐकतो. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ घ्या. नाण्यांच्या खणखणाटानंतर बेस सुरू होतो, त्यावर एक ते सात मोजा. बरोबर बसतं. हा ताल सतत अर्धं पाऊल पुढे टाकल्यासारखा वाटतो, कुठे टेकू देत नाही, पैशामागे धावणाऱ्यासारखा. मग गिटारचा एकल तुकडा येतो आणि ताल चारवर येतो. अंगातला ताण एकदम सुटतो. गोष्टीतही हेच घडतं. ताल बदलला की समजावं, जागा बदलली, माणूस बदलला किंवा मनाची अवस्था बदलली.

कुणालाच न कळणारी भाषा

इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहणाऱ्यांना मी फ्रान्सच्या माग्मा या बँडची गोष्ट सांगतो. त्यांचा म्होरक्या क्रिस्तियाँ व्हांदेर, ड्रम वाजवणारा. १९७० साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमपासून एक कथा सुरू होते: पृथ्वीवरच्या जगण्याला कंटाळलेली माणसं कोबाया नावाच्या दूरच्या ग्रहावर जाऊन वसतात. आणि या ग्रहाची भाषा व्हांदेरने स्वतः तयार केली. गाणी त्या भाषेत. म्हणजे पॅरिसमधला श्रोता आणि सिंधुदुर्गातल्या पणदूरमधला श्रोता, दोघेही सारखेच अनभिज्ञ! तरी १९७३ चा त्यांचा ‘मेकानिक’ हा अल्बम लावा, त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे, पण एवढ्यावर शोधलं तरी सापडतो. पुन्हा पुन्हा तेच बोल, तीच चाल, दर आवर्तनात थोडी अधिक माणसं, थोडा अधिक जोर, आणि शेवटाकडे समूहाच्या अंगात वारं शिरल्यासारखं होतं. शब्दार्थ शून्य असताना भीती आणि भक्ती दोन्ही पोचतात. हा अल्बम सगळ्यांना रुचेल असं नाही. मला तो दिवसा उजेडी ऐकायला आवडतो, रात्री नको वाटतो.

इमर्सन, लेक अँड पामर या ब्रिटिश तिघांचं १९७३ चं ‘कार्न ईव्हिल ९’ सुमारे अर्ध्या तासाचं आहे. एका बाजूत मावेना म्हणून ते तबकडीच्या दोन्ही बाजूंवर विभागावं लागलं. त्याच्या अखेरच्या भागात माणूस आणि संगणक यांची लढाई होते, संगणकाचा आवाज कीथ इमर्सनने स्वतःचाच आवाज यंत्रातून फिरवून काढला आहे. कोण जिंकलं हे गाणाऱ्याने सांगायच्या आत सिंथेसायझर सांगून टाकतो: माणसं थांबतात आणि यंत्राची एकच ओळ स्वतःशीच वाजत राहते, अधिकाधिक वेगाने, माणसाच्या बोटांना जमणार नाही इतक्या वेगाने.

आणि ज्यांना निवेदक हवाच, त्यांच्यासाठी जेफ वेन यांचा १९७८ चा ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. एच. जी. वेल्स यांची १८९८ ची मंगळवासीयांच्या हल्ल्याची कादंबरी, रिचर्ड बर्टन या नटाच्या संथ, खणखणीत इंग्रजी निवेदनासह. शाळेतलं इंग्रजी पुरतं. तबला-पखवाज ऐकणाऱ्यांनी त्यात मंगळावरच्या यंत्रांची आरोळी ऐकावी, ती गिटारचा सूर नळीने तोंडात घेऊन काढली आहे.

एक माणूस, अनेक गळे, एकच महाकथा

नव्वदच्या दशकात प्रॉगची लाट ओसरून वीसेक वर्षं होत आली असताना नेदरलँड्समधल्या आर्येन लुकासेन यांनी एरियन नावाने काम सुरू केलं. हा बँड नाही. रचना, गिटार, कीबोर्ड बहुतेक सगळं लुकासेन स्वतः करतात आणि प्रत्येक पात्रासाठी वेगळा गायक बोलावतात. पात्र आणि गळा एकास एक जुळलेले असल्याने शब्द न कळताही कोण बोलतंय ते लगेच कळतं. नवख्या श्रोत्यासाठी याहून मोठी सोय नाही.

त्यांचा १९९८ चा ‘इंटू द इलेक्ट्रिक कॅसल’ सुमारे पावणेदोन तासांचा आहे. एका अज्ञात शक्तीने वेगवेगळ्या काळांतून आठ माणसं उचलून स्थळ-काळाबाहेरच्या जागी आणून ठेवली आहेत: रोमन सैनिक, मध्ययुगीन सरदार, स्कॉटलंडचा डोंगरी योद्धा, इजिप्तची राणीसारखी तोऱ्यातली स्त्री, अमेरिकेतली आदिवासी स्त्री, एक रानटी लढवय्या, साठच्या दशकातला हिप्पी आणि भविष्यातून आलेला माणूस. त्यांना वाटेतली संकटं पार करून विजेच्या किल्ल्यापर्यंत पोचायचं आहे. बहुतेकांना वाटतं आपण आपल्याच धर्मातल्या परलोकात आलो आहोत, हिप्पीला मात्र वाटतं आपण नशेत आहोत, आणि तो खूष आहे. योद्धा गायला आहे मारिलियन या बँडचा पूर्वीचा गायक फिश, त्याचा स्कॉटिश घोगरा आवाज एका ओळीत ओळखू येतो. इजिप्तची स्त्री गायली आहे आनेके व्हान गिर्सबर्गेन, आणि तिचा आवाज या सगळ्या गोंधळावर शांतपणे तरंगतो. हिप्पीचं काम स्वतः लुकासेन करतात.

काही जण वाटेत मरतात. उरलेल्यांना शेवटी कळतं, की हा सगळा प्रयोग होता. ज्याने तो मांडला तो ‘फॉरेव्हर’ या प्राचीन जातीचा आहे. त्या जातीने यंत्रांच्या मदतीने अमरत्व मिळवलं, पण त्या बदल्यात तिच्या भावना आटल्या. भीती, प्रेम, मत्सर म्हणजे काय होतं हे पुन्हा समजून घ्यायला त्यांनी माणसांना कामाला लावलं. वाचलेले आपापल्या काळात परततात आणि त्यांना नीट काही आठवत नाही. लुकासेन यांच्या ओळी कधी कधी शाळकरी वाटतात हे मान्य, पण पात्रांची गुंफण आणि गळ्यांची निवड यांत त्यांना तोड नाही.

ही कथा ते पुढे-मागे करत वाढवत राहिले, आणि इथे क्रम कळला नाही तर माणूस हरवतो. पहिला अल्बम, १९९५ चा ‘द फायनल एक्स्परिमेंट’, त्यात सन २०८४ मधले शास्त्रज्ञ सर्वनाश टाळण्यासाठी भूतकाळात संदेश पाठवतात. तो पोचतो सहाव्या शतकातल्या ब्रिटनमधल्या एका आंधळ्या गायकाला, आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. त्या गायकाचंच नाव एरियन. २००० साली आलेल्या जोड अल्बमांत मंगळावर उरलेला अखेरचा माणूस यंत्राच्या साहाय्याने आपल्या मागच्या जन्मांत आणि पुढे विश्वाच्या आरंभापर्यंत जातो. २००८ चा ‘०१०११००१’ मात्र कळीचा. संगणकाच्या भाषेत हा आकडा म्हणजे ८९, आणि ८९ म्हणजे इंग्रजी अक्षर वाय. ‘वाय’ हाच फॉरेव्हर लोकांचा ग्रह. ते आपला वंश धूमकेतूवरून पृथ्वीकडे पाठवतात, त्या आघातात डायनॉसॉर संपतात आणि पुढे माणूस जन्मतो. आपल्याला गमावलेल्या भावना त्याच्यात उमलताना पाहून ते हरखतात. पण माणूस भावनांबरोबर यंत्रंही वाढवतो, आणि शेवट पुन्हा २०८४ वर येतो.

ऐकायची सुरुवात कुठून? लांब काही नको असेल तर क्वीनच्या १९७५ च्या अल्बममधलं साडेतीन मिनिटांचं ‘३९’. अंतराळात गेलेले खलाशी एक वर्षाने परत येतात तेव्हा पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात. लिहिलंय ब्रायन मे यांनी, ज्यांनी पुढे २००७ मध्ये खगोलभौतिकीची डॉक्टरेट पूर्ण केली. त्यानंतर ‘२११२’ एका बैठकीत, मग ‘इलेक्ट्रिक कॅसल’ दोन रात्रींत. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, बेस गिटार अजिबात पोचत नाही आणि रशमध्ये निम्मी गोष्ट बेसवर चालते. गाणी उलटसुलट लावायची सोय बंद करा. आणि कोकण रेल्वेने जाताना ऐकणार असाल तर गाणी आधीच डाउनलोड करून घ्या, नाहीतर रत्नागिरीजवळच्या करबुडे बोगद्यात साडेसहा किलोमीटर नेटवर्क नसतं आणि पुजारी नेमके वाक्याच्या मध्यात थांबतात.

एरियनची बाकी महाकथा प्रकाशनाच्या क्रमाने ऐका, आणि २०१७ चा ‘द सोर्स’ शेवटी. कालानुक्रमे तो सगळ्यांच्या आधीचा आहे. अल्फा नावाच्या ग्रहावर लोकांनी आपला ग्रह वाचवण्यासाठी सर्व कारभार एका महासंगणकाच्या हाती दिला आणि तो संगणक त्यांच्यावरच उलटला. मूठभर माणसं यानात बसून निसटतात आणि पाण्याने वेढलेल्या एका ग्रहावर उतरतात. आनंदात ते त्याला नाव देतात: वाय. नव्या ग्रहावर जगता यावं म्हणून ते अमरत्व देणारं एक औषध पितात, आणि ‘०१०११००१’ आधी ऐकलेल्याला त्या घोटाचा परिणाम ठाऊक असतो.